चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीत गहू पिवळा पडतोय: जिप्सम किती, झिंक कधी?

काळंरान (शिरोळ)
ऊस मोडून २ एकर गहू केलाय. भारी काळी जमीन, नदीचं उपसा पाणी. माती अहवाल: सामू (पीएच) ८.८, क्षारता (विरघळलेले क्षार) २.१, विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १८ टक्के, धनभार विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियमसारखे धनभारित कण धरायची मातीची ताकद) १०० ग्रॅम मातीला ५० मिलीइक्विव्हॅलंट. उगवण तुटक. जुन्या पानांची टोकं करपलीत, नवी पानं शिरांमधून पिवळी. युरिया वाढवूनही फरक नाही. जिप्सम आत्ताच टाकू का?

निचरा
आत्ता नको दादा. आधी एक बघा, क्षारता १:२.५ द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) मोजलीय का? प्रयोगशाळा बहुधा तशीच मोजतात. जमीन क्षारयुक्त ठरवायची पुस्तकातली ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) असते, आणि भारी जमिनीत तो आकडा तुमच्या २.१ च्या दुपटीहून जास्त निघू शकतो. तसं असेल तर जमीन नुसती चोपण नाही, क्षारयुक्त-चोपण आहे.

हिशेब: सोडियम १८ वरून १० वर आणायचा तर ५० च्या ८ टक्के, म्हणजे ४ मिलीइक्विव्हॅलंट. वरच्या १५ सें.मी. थरासाठी दर मिलीइक्विव्हॅलंटला एकरी साधारण ७८० किलो शुद्ध जिप्सम लागतं. एकूण एकरी ३.१ टन, ८० टक्के शुद्धतेचं असेल तर ३.९ टन. निम्मं यंदा, उरलेलं पुढच्या वर्षी फेरतपासणी करून.

मे अखेर पसरा, वरच्या १० सें.मी. मातीत मिसळा, बांध घालून पावसाचं पाणी मुरवा. खोल नांगरून गाडू नका, जिप्सम पातळ होऊन जातं. मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून ४५ दिवसांनी गाडा.

पण त्याआधी दीड मीटर खड्डा घेऊन दुसऱ्या दिवशी बघा. पाणी दिसलं तर आधी चर किंवा सच्छिद्र पाईप. जिप्सममधल्या कॅल्शियमनं सोडवलेला सोडियम वाहून गेलाच नाही, तर पैसा मातीत गेला.

गव्हाचं शिवार
उभ्या पिकाचं सांगतो. एवढ्या सामूला वर फेकलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, म्हणून फरक दिसत नाही. पुढचा हप्ता अमोनियम सल्फेटमधून द्या आणि लगेच हलकं पाणी.

नवी पानं शिरांमधून पिवळी म्हणजे लोहाची कमतरता. जमिनीतून दिलेलं फेरस सल्फेट इथे लगेच निकामी होतं, म्हणून ०.५ टक्के फवारणीच करा, थोडं सायट्रिक आम्ल घालून, ताजं द्रावण. मधल्या पानांवर पांढरट-तपकिरी पट्टे येऊन पान तिथंच मोडत असेल तर झिंकची कमतरता: १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट, २५० ग्रॅम चुन्याची निवळी. करपलेली टोकं मात्र क्षारांची, त्यावर फवारणीचा इलाज नाही. एकदम भरून पाणी देण्यापेक्षा हलकं आणि वारंवार द्या.

पुढच्या पेरणीला एकरी १० किलो झिंक सल्फेट, पण डीएपीत मिसळून नाही, झिंक आणि स्फुरद दोन्ही बांधली जातात. नत्र एकरी ६० किलो, तीन हप्त्यांत. पोटॅश सल्फेटचं घ्या, म्युरेट ऑफ पोटॅशमधून क्लोराइड वाढतं. बियाणं ४० ऐवजी ५० किलो.

काळंरान (शिरोळ)
गंधक स्वस्त पडेल का? आणि वाण?

निचरा
मुक्त चुना भरपूर असेल तर चालतं. १ टन जिप्समच्या जागी साधारण १९० किलो गंधक. पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला ओल आणि काही आठवडे लागतात, म्हणून पेरणीच्या तोंडावर टाकून उपयोग नाही. वाणात हरियाणातल्या कर्नालचा केआरएल २१० हा गहू क्षार सोसतो. तो उत्तरेतल्या थंडीचा आहे, म्हणून आधी दोन-चार गुंठ्यांवर बघा.