पॅथोफिजिऑलॉजीसाठी काय घेऊ? बीएससी नर्सिंग, तिसरं सेमिस्टर, इंदूर

सानिका_इंदूर
नमस्कार. घरी मराठी, बारावीपर्यंत शाळा हिंदी माध्यमाची आणि आता सगळं इंग्रजीत. पहिल्या वर्षाची फिजिऑलॉजी निभावली. या सेमिस्टरला पॅथॉलॉजी आहे, आणि ॲडल्ट हेल्थ नर्सिंगमध्ये प्रत्येक आजाराची पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे त्या आजारात शरीरात काय आणि कसं बिघडतं ते, लिहावी लागते. वाक्यं पाठ होतात, पण मॅडमनी "सिऱ्होसिसमध्ये (लिव्हरमध्ये चट्टे पडण्याच्या आजारात) पोटात पाणी का साठतं?" असं विचारलं की मला काही सुचत नाही.

बजेट १५०० रुपये. खजुरी बाजारात पाहून आले. पॅथॉलॉजीचं जाडजूड पुस्तक रॉबिन्स जुनं मिळतंय, प्रश्नोत्तरांचं गाइड आहे, आणि एक मैत्रीण म्हणते व्हिडिओंच्या ॲपची वर्गणी भर. तिन्ही घेणं जमणार नाही. काय घेऊ?

सिस्टर_मेडिकल_वॉर्ड
सानिका, जाडं रॉबिन्स घेऊ नकोस. पुस्तक उत्तमच आहे, पण ते डॉक्टर होणाऱ्यांसाठी लिहिलंय. पेशीत काय बिघडलं, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं, यावर त्याचा भर. तुला ड्यूटीवर हवं असतं ते पुढचं: हे बिघडल्यावर पेशंटमध्ये काय दिसेल आणि मी कशावर लक्ष ठेवू? त्यासाठी ब्रुनर-सुडार्थचं नर्सिंगचं पुस्तक वाच. त्यात आजार कसा होतो, लक्षणं, तपासण्या आणि नर्सिंग असं सगळं सलग येतं. विकत घ्यायची गरज नाही, कॉलेजच्या लायब्ररीत असतं. पहिल्या वर्षाचं रॉस अँड विल्सन असेल तर विकू नकोस. त्यात प्रत्येक संस्थेचं नॉर्मल काम आधी आणि तिचे आजार लगेच मागे दिलेत. नॉर्मल कच्चं राहिलं की आजार पाठच करावा लागतो, तुझी अडचण तीच दिसते.

विकत घ्यायची ती एक मोठी कोरी वही. एका पानावर एक आजार, बाणांनी. मॅडमचाच प्रश्न घे. लिव्हरमध्ये चट्टे पडले, म्हणून पोर्टल व्हेनचं (आतड्यांकडून लिव्हरकडे येणाऱ्या शिरेचं) रक्त पुढे सरकेना, म्हणून तिथला दाब वाढला. दुसरीकडे लिव्हर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी बनवू लागलं (नॉर्मल साधारण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणून पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणारा जोर घटला. दाब वाढलेला, जोर घटलेला, पाणी पोटात झिरपलं. इथे थांबू नकोस. पोटातल्या रक्तवाहिन्या फैलावतात, किडनीला रक्त कमी पडल्यासारखं होतं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतं, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. आता बघ, अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध का देतात, मीठ का कमी करतात, रोज वजन आणि पोटाचा घेर का मोजतात, हे सगळं त्याच पानावर आलं. आजाराचं नाव इंग्रजीत ठेव, "म्हणून" मराठीत लिही. कुणी हसलं तर हसू दे.

पॅथॉलॉजी_ट्यूटर
सिस्टरांशी बहुतांशी सहमत, पण रॉबिन्स पूर्ण सोडू नये. त्याची लहान आवृत्ती 'बेसिक पॅथॉलॉजी' लायब्ररीतून आणा आणि सुरुवातीची प्रकरणं तेवढी वाचा: पेशीला इजा, इन्फ्लमेशन (दाह), सूज-थ्रोम्बोसिस (रक्ताची गुठळी)-शॉक. पुढचे निम्मे आजार यांतूनच समजतात.

वर्गणी भरू नका. निंजा नर्डसारखे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, पण लांब आहेत. आधी पुस्तकातलं पान, मग व्हिडिओ. उलट केलंत तर समजल्याचं समाधान मिळतं आणि कागदावर काही उतरत नाही. अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्यात फक्त आकडे आणि नॉर्मल रेंज घाला. गाइड परीक्षेच्या तोंडावर कुणाकडून तरी मागून घ्या, प्रश्न कसे येतात ते कळेल.

झाबुआ_पोस्टिंग
मी इंदूरचीच, सध्या झाबुआत स्टाफ नर्स. सानिका, सिकल सेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं पान सगळ्यात आधी कर. आपल्या पश्चिम भागात हे पेशंट खूप येतात, आणि राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मिशनची सुरुवात १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात, शहडोलमधून झाली. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढाच. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनमुळे लाल पेशी कडक आणि विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्या अडवते, म्हणून असह्य दुखतं. नॉर्मल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून ॲनिमिया. पाणी भरपूर, अंग उबदार, दुखणं खरं मानून वेळेवर औषध: प्रत्येक कामामागे बाण आहे. हाडं दुखून रडणाऱ्या मुलाला "नाटक करतोय" म्हणणारे भेटतात, तेव्हा हे पान मनात असू दे.

सानिका_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. वही घेतली, बाकी लायब्ररी. डायबेटिक कीटोॲसिडोसिसचं (मधुमेहात इन्शुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होतं त्याचं) पान करतेय आणि एका बाणावर अडले. सिस्टर, रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल किंवा जास्त असूनही सलाइनमधून पोटॅशियम का देतात?

सिस्टर_मेडिकल_वॉर्ड
छान प्रश्न. इन्शुलिन नाही आणि रक्त साखरेने दाट झालंय, म्हणून पोटॅशियम पेशीतून बाहेर रक्तात आलं. रिपोर्ट तेवढंच दाखवतो. लघवीवाटे मात्र ते सारखं वाहून गेलंय, शरीरातला साठा कमी झालाय. इन्शुलिन सुरू केलं की रक्तातलं पोटॅशियम परत पेशीत शिरतं आणि पातळी झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून पोटॅशियम आधीच कमी असेल तर डॉक्टर ते भरून मगच इन्शुलिन लावतात, आणि लघवी होतेय ना ते बघूनच पोटॅशियम देतात. तुझ्या पानावर शेवटी लिही: मॉनिटर, लघवीचं माप, पोटॅशियमचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा. पुढचं पान हार्ट फेल्युअरचं कर, डावं आणि उजवं वेगळं, आणि इथे टाक. मी बघते.