मदत हवी आहे: ३६ फुटी ट्रॉलर यॉटला १२० एचपी पुरेल का?

नमस्कार मंडळी, सिएटलला राहतो. जुनी ग्रँड बँक्स ३६ घ्यायची म्हणतोय, म्हणजे मासेमारी ट्रॉलरच्या धाटणीची, सावकाश चालणारी मोटरबोट. दोन बघितल्या: एकीत १२० एचपीचं एकच फोर्ड लेहमन डिझेल, दुसरीत तशीच दोन. पाण्यालगतची लांबी ३५ फूट धरली तर तिचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे अशा बोटीची वेगमर्यादा साधारण ८ नॉट; त्याच्या पुढे नुसतं डिझेल ओतायचं. मला ७ नॉट पुष्कळ. (बायकोला ६ सुद्धा जास्त वाटतात!) पण डिसेप्शन पासला (इथल्या उत्तरेकडची अरुंद सामुद्रधुनी) भरती-ओहोटीचा प्रवाह ८ नॉटपर्यंत जातो. तिथे वेळ साधूनच शिरायचं हे कळतं, पण समोरून वारा-लाटा आल्या तर एका इंजिनात दम उरतो का? बंद पडलं तर काय करता? आणि धक्क्याला लावताना एका इंजिनाला बो थ्रस्टरवर (नाळ बाजूला ढकलणारा छोटा पंखा) भागतं का? कोणी चालवत असेल तर सांगा.