जिनिंग शेडवर चढायला कोणता सेफ्टी बेल्ट घ्यावा?

वणीकर:
वणीकडच्या एका जुन्या जिनिंग शेडवरचे साठेक सिमेंटचे पत्रे मृगाआधी बदलायचे आहेत. वळचण 16 फूट, माथा 22 फूट, लोखंडी कैच्या, पर्लिन (कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर पत्रे टेकतात) साडेचार फुटांवर. वर चार गडी राहतील. दुकानदार म्हणतो, फुल बॉडी हार्नेस (खांदे-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा बेल्ट) अन् शॉक ॲब्सॉर्बरवाली (झटका झेलणारी) 2 मीटरची दोरी घ्या, काम झालं. तेवढ्यानं भागते का? अन् दोरी अडकवायची कुठं? पत्र्याच्या वर तर काहीच आधार नाही.

उंचावरचं_काम:
भाऊ, बेल्टच्या आधी उंचीचा हिशेब करा. दोरी 2 मीटर. माणूस पडला की ॲब्सॉर्बरची शिवण उसवत जाते आणि दोरी आणखी पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. शिवाय पायाखाली 1 मीटर जागा शिल्लक हवी. बेरीज सव्वासहा मीटर, म्हणजे साडेवीस फूट, आणि तीही दोरी जिथं अडकवली त्या जागेपासून मोजायची. तुमच्या वळचणीला 16 फूटच आहेत. दोरी तुटणार नाही, बेल्ट फाटणार नाही, तरी गडी जमिनीवर आपटेल. दुकानदाराची जोडी उंच टॉवरवर ठीक आहे, इथं नाही.

इथं दोरीत ढील राहताच कामा नये. माथ्यावरच्या कैचीला पट्ट्याची स्लिंग गुंडाळा, त्यातून उतारावर दोर सोडा आणि दोरावर सरकणारा, झटका बसताच दोर पकडणारा रोप ग्रॅब लावा. ग्रॅब आणि दोर एकाच जोडीचे घ्या. दुसऱ्या जाडीच्या दोरावर तो निसटतो. ग्रॅब कायम माणसाच्या वरच्या बाजूला, दोर ताठ. एका दोरावर एकच माणूस. स्लिंग कैचीच्या जोडावर, जिथं पट्ट्या एकत्र येतात तिथं घाला. पर्लिनला किंवा जे-बोल्टला (पत्रा पर्लिनला धरणारा आकड्याचा बोल्ट) अजिबात नाही. पर्लिन झटक्याने पिळते, बोल्ट सरळ होऊन सुटतो. लोखंडाच्या धारेवर दोर घासतो तिथं जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चढवा.

जिनिंग_मेंटेनन्स:
हिशेब बरोबर आहे, पण सिमेंटच्या पत्र्यावर बेल्ट हा शेवटचा उपाय. तो पत्रा वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. ‘बोल्टच्या रेषेवरून चाला, खाली पर्लिन आहे’ हे सगळीकडे ऐकू येते. पाय चार बोटं सरकला की संपलं.

सध्या हंगाम बंद आहे, रुई-सरकी उचलली असेल, खालची फरशी मोकळी आहे. मग वर चढायचंच काऊन? चाकाची परांची आत आणा, चाकं लॉक करा, कठडा लावा आणि बोल्टचा आकडा पर्लिनखालून बोल्ट कटरने तोडा. ग्राइंडर नको. कैच्यांवर साचलेल्या रुईच्या झुलीवर ठिणगी पडली तर शेड पेटेल. पत्रा अख्खाच काढा, पाणी मारून, तोंडाला मास्क लावून. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो.

वर जावंच लागलं तर फळ्या पाहिजेत: 10 फूट लांब, दीड ते दोन फूट रुंद, म्हणजे तीन पर्लिनवर टेकतात. माणशी दोन, एकीवर उभं राहून दुसरी सरकवायला. फळी माथ्याला बांधा, उतारावर घसरते. पर्लिनच्या अगदी खाली सुरक्षा जाळी ताणली तर फारच उत्तम.

आणि एक गोष्ट आधी करा. उजेडासाठी मधे मधे फायबरचे पत्रे असतात. त्यांवर धूळ अन् रुई बसली की वरून ते सिमेंटचेच दिसतात. दुपारी शेडमध्ये उभं राहून वर पाहा. जिथून पिवळसर उजेड येतो ते ओळ-रांगेनुसार कागदावर मांडून घ्या.

उंचावरचं_काम:
खालून करता येत असेल तर तेच करा, माझाही आग्रह तोच. तरी माथ्याच्या कामाला हार्नेस लागेलच. आयएस 3521 किंवा ईएन 361 छापलेला घ्या. नुसता कमरेचा पट्टा नको, झटक्याने कंबर-पोट फोडतो. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. कडी दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. लेबलवरची वजनमर्यादा पाहा, बहुतेकांवर 100 किलो असते, आणि त्यात हत्यारंही धरा. शिवणीचा रंग उडालेला, वेल्डिंगचे डाग पडलेला किंवा एकदा पडझडीत ताणलेला हार्नेस कापून टाका, दुसऱ्याला देऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो पत्र्यावर वाळत टाकू नका, उन्हानं धागा कुजतो.

वणीकर:
फरशी जूनपर्यंत मोकळीच आहे. परांचीच आणतो. माथ्याच्या कवलासाठी (माथ्याचा सांधा झाकणारा तुकडा) दोघंच वर, दोन दोर. पण कोणी लटकला तर?

जिनिंग_मेंटेनन्स:
लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, मांडीचे पट्टे रक्त अडवतात. 108 ची गाडी गावातून पोहोचेपर्यंत थांबता येत नाही. परांची कामाच्या खालीच उभी ठेवा, म्हणजे खालचा गडी तिच्यावर चढून त्याच्या पायांना आधार देईल. दोर कापायचा नाही. वजन परांचीवर आलं की मगच ग्रॅब सोडवायचा. हे काम सुरू करायच्या आदल्या दिवशी एकदा करून पाहा, वाळूच्या पोत्यावर.