मदत हवी आहे: सोसायटीच्या पाण्याचा सँकी आलेख, पाणी परत फिरलं की चित्र उमटतच नाही

नमस्कार,

पुण्यातल्या ८४ सदनिकांच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. एप्रिलपासून रोज दोन टँकर मागवावे लागताहेत. मेंटेनन्स वाढवायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे, आणि त्याआधी पाणी कुठून येतं, कुठे जातं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. मागच्या सभेत आकड्यांचा तक्ता वाटला होता. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी शेवटपर्यंत विचारत राहिल्या, "टँकरचं पाणी बागेला का घालता?" त्यांचं चुकलं नाही. तक्त्यातून ते कळतच नव्हतं.

म्हणून सँकी आलेख काढतेय. जेवढं पाणी जास्त तेवढी पट्टी रुंद. गूगल चार्ट्स वापरलंय; कुठून, कुठे, किती असे तीन रकाने. मीटरवरून काढलेली रोजची सरासरी, हजार लिटरमध्ये (एसटीपी म्हणजे आमचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र):

महापालिका → खालची टाकी: ३०
टँकर → खालची टाकी: २०
बोअर → खालची टाकी: १२
खालची टाकी → पहिल्या विंगची टाकी: २९
खालची टाकी → दुसऱ्या विंगची टाकी: २७
पहिल्या विंगची टाकी → घरे: २९
दुसऱ्या विंगची टाकी → घरे: २७
घरे → एसटीपी: ६३
घरे → पिणे, स्वयंपाक, फरशी: ८
एसटीपी → बाग: १०
एसटीपी → गटार: ३८
एसटीपी → फ्लशची टाकी: १५
फ्लशची टाकी → घरे: १५

शेवटची ओळ काढली की चित्र येतं, घातली की पान कोरं. दुसरी अडचण, 'दुसऱ्या विंगची टाकी' चित्रात दोनदा येते, एकीत पाणी नुसतं येतं आणि दुसरीतून नुसतं जातं. स्पेलिंग दहा वेळा तपासलं. रविवारी सभा आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पाणी खरोखरच गोल फिरतंय. घरातून एसटीपीत, तिथून फ्लशला, फ्लशमधून परत घरात. सँकीची मांडणी डावीकडून उजवीकडे जाते. कोणता ठोकळा (टाकी, घरे, बाग वगैरे) कितव्या रांगेत बसवायचा हे त्याच्या आधी कोण येतं यावरून ठरतं. चक्र असलं की प्रत्येकाच्या आधी कुणीतरी असतंच, म्हणून गूगल चार्ट्स चित्र काढतच नाही. डी३ ही आलेख काढायची दुसरी लायब्ररी वापरलीत तरी तिथेही चक्राची चूक दाखवून थांबेल.

सोपा उपाय म्हणजे शेवटची ओळ गाळा. फ्लशची टाकी उजव्या टोकाला राहू द्या.

प्रतिसाद २

नुसती गाळू नका. मग घरांत ५६ येतात आणि ७१ बाहेर पडतात, १५ हजार लिटर हवेतून आल्यासारखे दिसतील. सभेत कुणीतरी बेरीज करणारच. शिवाय फ्लशला पुन्हा वापरलेलं पाणी ही तुमच्या सोसायटीची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, ती चित्रातून का घालवायची?

ठोकळा दोनदा काढा, नावं वेगळी द्या. उजवीकडे 'फ्लशसाठी परत पाठवलं' १५, आणि डावीकडे महापालिका-टँकरच्या रांगेत 'फ्लशमधून परत आलं' १५, तिथून थेट 'घरे'. दोन्हींना एकच रंग द्या आणि खाली एक ओळ लिहा की हे तेच पाणी आहे. चक्र तुटतं, बेरीज जुळते.

आता दोनदा येणारी टाकी. एका ओळीत तुम्ही मोबाइलवरून टाइप केलंय का? 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी खूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. त्यामुळे दोन टाक्या झाल्या. एका ठिकाणचं नाव कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. नावाशेवटी चुकून पडलेल्या स्पेसनेही हेच होतं.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलंच आहे. मला दुसरंच खटकलं. खालच्या टाकीत ३०, २० आणि १२ मिळून ६२ येतात, बाहेर २९ आणि २७ म्हणजे ५६ जातात. ६ कुठे गेले? सँकीत ठोकळ्याची उंची येणारं आणि जाणारं यांत जे जास्त त्याप्रमाणे ठरते. ६२ची उंची आणि ५६च्या पट्ट्या, म्हणजे ठोकळ्याची एक कड रिकामी राहते आणि सहज नजरेतून सुटते. 'खालची टाकी → हिशेब न लागलेलं: ६' अशी ओळ घाला. १८९८ साली कॅप्टन सँकी यांनी वाफेच्या इंजिनाचं चित्र काढलं ते वाया जाणारी उष्णता दिसावी म्हणूनच. तुमच्याकडेही तीच पट्टी महत्त्वाची आहे.

सेटिंगचं थोडक्यात: पट्ट्यांची कलरमोड 'सोर्स' ठेवा, म्हणजे टँकरची पट्टी टँकरच्याच रंगाची निघेल. ठोकळ्यांचा क्रम मनाप्रमाणे हवा असेल तर इटरेशन्स (मांडणी आपोआप सुधारायच्या फेऱ्या) शून्य करा, मग ओळींच्या क्रमाने मांडणी राहते. नोडपॅडिंग (ठोकळ्यांमधली मोकळी जागा) वाढवा, आपल्या वेलांट्या-मात्रांना वर जागा लागते.

धागालेखिका

तिघांचेही खूप खूप आभार. हो, विंगची ती ओळ मी बसमध्ये मोबाइलवरून टाकली होती! पेस्ट केल्याबरोबर टाकी एक झाली. परतीचं पाणी दोन्हीकडे हिरव्या रंगात दाखवलंय. बागेची पट्टी एसटीपीतून निघताना स्पष्ट दिसते, आजींना आजच प्रिंट नेऊन दाखवली, त्यांनी बोटाने माग काढत नेला आणि म्हणाल्या, "मग टँकर जातो कुठे?"

सहा हजारांची पट्टी लाल केली आहे. रोज अर्ध्या टँकरहून जास्त पाणी, आणि मी ते मीटरमधला फरक समजून सोडून दिलं होतं. उद्या सकाळी सहाला प्लंबरना बोलावलंय. आधी खालच्या टाकीचा ओव्हरफ्लो बघणार, मग वर जाणारा पाइप. काय निघतं ते इथेच कळवते.