बागेतल्या गुरख्याची मुलगी किती दिवस दुभाषी राहणार?

माडाखाली
आमच्या बागेत (देवगड तालुका, गाव सांगत नाही) चार वर्षं एक नेपाळी कुटुंब राखणीला येतं. दसरा झाला की येतात, आंबा संपला की मृगाआधी परत. आईवडील, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा. मुलाला ऐकू येत नाही. वानरं हाकलायला बाप फटाका लावतो तेव्हा हा बापाकडे बघत नाही, उडालेल्या कावळ्यांकडे बघतो. पंप चालू झाला का ते पाइपावर तळहात ठेवून ओळखतो आणि आमच्या आधी मोटरच्या घराकडे बोट दाखवतो. हुशार आहे हो.

डिसेंबरात मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. बेरा (मेंदूच्या लहरींवरून कानाची तपासणी) झाली. दोन्ही कान, ९० डेसिबलच्या पुढे. तपासणाऱ्या बाईंनी मराठीत मुलीला सांगितलं, "आईला सांग, याला ऐकू येणार नाही." मुलगी आईकडे वळली, दोन शब्द बोलली, आई हसली. मला नेपाळी येत नाही. बागेत परतल्यावर विचारलं तेव्हा कळलं, ती म्हणाली होती, "ठीक छ." पुढे मला म्हणते, "आई तिथेच रडली असती, मग गाडीत कोण चढवणार होतं तिला?"

ही मुलगी मराठी शाळेत बसते, पण नावापुरती. दुकानात, आरोग्य उपकेंद्रात, व्यापारी आला की बागेत, सगळीकडे तिला हाक. भावाला काय हवंय ते तीच सांगणार, आईला काय म्हणायचंय ते तीच, बापाला मालक काय म्हणतो तेही तीच.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी मांडलं की ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचेच असतात, त्यातून आठवड्याला एक तास खुणांच्या भाषेचा वर्ग घेऊ. शिकायचं आपण. अंगणवाडी ताई, आशा, दुकानदार, वाडीतली पोरं. म्हणजे ती पोर मोकळी होईल. मागून आवाज आला, "परदेशी माणसांवर गावचा पैसा?" आणि विषय पाखाडीच्या दुरुस्तीवर गेला.

तुम्हाला काय वाटतं? गोड बोलू नका, मोकळं बोला.

चाकरमानी_चिंचपोकळी
वहिनी, तो मागचा आवाज आमच्या चुलत्यांचा होता, आणि मी त्यांच्याच बाजूने आहे. गावात आपली माणसं नाहीत का? माझ्या आईच्या कानाच्या मशीनचा अर्ज दोन वर्षं फिरत होता. शेवटी मीच लालबागहून घेऊन दिलं. ५ टक्के म्हणजे किती होतात हेही सांगा ना सगळ्यांना. आपल्या पंचायतीचं उत्पन्न घरपट्टी नि पाणीपट्टी. त्यातून निघणार काय, आणि ते जूनमध्ये सोनौलीला, नेपाळच्या सीमेवर, निघून जाणाऱ्यांवर खर्च करायचं?

माणुसकी मलाही कळते. बापाचा पगार वाढवा, मुलाला खाऊ द्या, स्वतःच्या खिशातून करा. निधी हक्काचा असतो आणि हक्क इथल्यांचा.

लाँचवाला
भाषेचा मी सांगतंय. लाँचीर इंजान चालू झाला की कोणाचाच कोणाक ऐकाक येणा नाय. सगळे हातानीच बोलतत. जाळा सोड, वढ, थांब. आमचे अर्धे खलाशी नेपाळचे. पैल्या आठवड्यात शिकतत. म्हणजे गावाक जमणा नाय असा काय नाय.

पण ऐकू न येणारो खलाशी मी घेवचंय नाय. रात्रीची हाक मारूक लागता. ह्यां पण खरां.

फिरते_गुरुजी
मी समग्र शिक्षाचा विशेष शिक्षक, तीन केंद्रांतल्या शाळा फिरतो. कायद्याचं एकदा नीट सांगतो, कारण वर "परदेशी" शब्द फार सैल वापरलाय.

१९५० च्या भारत-नेपाळ कराराने तिथल्या माणसाला इथे राहायची, कामधंद्याची मोकळीक आहे. ही माणसं निर्वासित नाहीत. निर्वासितांचं दुखणं वेगळं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अफगाण किंवा रोहिंग्या कुटुंबातल्या बधिर मुलाची अडचण याच्याहून कितीतरी मोठी.

शाळेचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये ६ ते १४ चं "प्रत्येक मूल" आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दिवाळीनंतर आलं म्हणूनही नाही. मुख्याध्यापकांना कलम १४ आणि १५ दाखवा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला १८ पर्यंत मोफत शिक्षण.

कुठे अडतं तेही ऐका. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी) कानाचं मशीन मिळायला भारतीय नागरिक असावं लागतं. म्हणजे शाळा उघडी, मशीन बंद. आधार परदेशी माणसालाही निघतं, वर्षात १८२ दिवस राहिला असेल तर. दसरा ते मे मोजा, बसतं त्यात. पण आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, तेव्हा एडिपची अट तशीच राहते.

आणि माझी स्वतःची कबुली. माझ्या यादीत बागेतल्या खोपीतलं हे मूल नव्हतं. यादी पटावरून होते.

घाटचढी
गुरुजींच्या शेवटच्या वाक्यावर माझा राग आहे, पण गुरुजींवर नाही.

माझी मुलगी जन्मतः बधिर. सव्वा वर्षाची असताना कळलं, दोन वर्षांची असताना कॉक्लिअर (शस्त्रक्रियेने आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवलं. त्यानंतर पाच वर्षं फोंडाघाट चढून कोल्हापूर. मॅपिंग (यंत्राचा आवाज जुळवणं), थेरपी, उलट्या, रात्री अकराला परत. आज ती पाचवीत आहे आणि फोनवर आजीशी भांडते. म्हणून मला हा वर्ग पटत नाही. मला त्या वेळी तीन जणांनी सांगितलं होतं, हात वापरायला शिकवू नका, एकदा सवय लागली की बोलणार नाही. मी पाळलं. फळ मिळालं.

सरकारी योजनेतलं प्रत्यारोपण मुळात ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. हा मुलगा ७ चा. चार वर्षांपूर्वी तो तुमच्या बागेत पहिल्यांदा आला तेव्हा ३ चा होता, माडाखाली ताई! तेव्हा कुणी का नेलं नाही? २०१३ पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. तो मुलगा अंगणवाडीत नव्हता म्हणून सुटला. निधी खर्चायचाच तर प्रत्येक बागेतलं, चिरेखाणीवरचं, जेटीवरचं लहान मूल त्या गाडीसमोर उभं करण्यावर खर्चा. खुणांचा वर्ग म्हणजे बस चुकल्यावर थांब्याला रंग देणं.

माडाखाली
घाटचढी, लागलं. ३ वर्षांचा होता तेव्हा मला वाटायचं लाजरा आहे. यापुढे बोलायला तोंड नाही.

पण बस चुकलेलं मूल थांब्यावर बसलंय, त्याचं काय?

शांत_किनारा
मी बधिर. कुडाळ. मराठी लिहिताना चूक झाली तर समजून घ्या, माझी पहिली भाषा हाताची.

घाटचढी यांच्या मुलीचं चांगलं झालं, आनंद. पण "हात वापरू नका" हे मी शाळेत ऐकलं. ऐकलं म्हणजे, पट्टीने. हात बाकाखाली ठेवायचे. दहा वर्षं बाईंचे ओठ बघितले. 'पापा', 'बाबा', 'मामा' ओठांवर सारखेच दिसतात, आरशात करून बघा. खरं शिकलो ते रात्री वसतिगृहात, दिवा बंद झाल्यावर, खिडकीच्या उजेडात मोठ्या मुलांच्या हातांकडून.

या मुलाकडे आज कुठलीच भाषा नाही. नेपाळी नाही, मराठी नाही, खुणांची नाही. बहिणीबरोबर दोघांनी केलेल्या घरच्या खुणा आहेत. आंबा, वानर, भूक, मालक. त्यात "काल" नाही. "का" नाही. "मला भीती वाटते" नाही. घाई याची करा. कोणाचा निधी ते नंतर.

नेपाळची सांकेतिक भाषा वेगळी. तिथे बोटांची देवनागरी अक्षरं एका हाताने करतात. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी. मुलगा तिथे जाणार की इथे राहणार, माहीत नाही. चालेल. एक भाषा पूर्ण आली की दुसरी उचलता येते. एकही नसेल तर काहीच नाही.

शब्दासाठी पैसे नको. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संस्थेचा शब्दकोश आहे, १०,००० शब्द, व्हिडिओ फुकट. पण शब्दकोश बघून कोणी बोलायला शिकत नाही. समोर माणूस लागतो. आणि "मूक" लिहू नका. आम्ही खूप बोलतो.

लेस्टरकर
मूळ दापोली, पोटासाठी इंग्लंड. माझी धाकटी बहीण बधिर आहे, २०११ मध्ये इथे आली. पहिल्या दिवशी बधिरांच्या क्लबात गेली तेव्हा मी हातात डायरी धरून बाजूला उभा, दुभाषी म्हणून. अर्ध्या तासाने तिने मला बाहेर जायला सांगितलं. ब्रिटिश अक्षरंही दोन हातांची, आपली त्यांच्यावरूनच आलेली, त्यामुळे स्पेलिंगवर गाडं सुरू झालं. अमेरिकेत गेली असती तर एका हाताची नवी अक्षरं शिकत बसली असती.

त्या क्लबात सीरियाचा एक माणूस येतो. त्याच्याकडे इथली खूण नव्हती, इंग्रजी नव्हती. दवाखान्यात त्याच्याबरोबर दोन दुभाषी असतात. एक ऐकणारी, ती डॉक्टरचं इंग्रजी ब्रिटिश खुणांत आणते. दुसरी स्वतः बधिर, ती त्या खुणा हावभाव, चित्रं, त्याच्या गावच्या खुणा यांत उलगडते. वेळ दुप्पट लागतो. पण त्याच्या मुलीला आत घेत नाहीत. "मूल दुभाषी नको," एवढं ठरलेलं.

चिंचपोकळीकर, माझ्या बहिणीला इथे कोणी "आमच्या घरपट्टीतून का?" विचारलं नाही असं नाही. विचारलं. बसमध्ये विचारलं.

चाकरमानी_चिंचपोकळी
लेस्टरकर, इंग्लंडची पंचायत आणि आमची पंचायत सारखी नाही. तिथे पैसा आहे. इथे सार्वजनिक विहिरीचा कठडा पाच वर्षं पडलेला आहे.

माझा प्रश्न तसाच राहिला. शेवटच्या वाडीतले ते काका पन्नाशीचे झाले, जन्मापासून ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी कधी वर्ग निघाला? गुरख्याचं पोर आलं आणि सगळ्यांना जाग आली. याला मी काय म्हणू?

माडाखाली
भावजी, हे बरोबर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना बघते. सगळे त्यांना "ए मुक्या" म्हणून हाक मारतात. हाक! ज्याला ऐकू येत नाही त्याला. मीही मारली असेल.

पण मग आता वर्ग निघाला तर तो काकांचाही होणार ना? नेपाळी कुटुंब जूनला जाईल. ग्रामसेवकांना, आशाताईंना आलेल्या खुणा इथेच राहतील.

नारळी_पौर्णिमा
काका वर्गात बसतील असं वाटत नाही. वय गेलं. पण दुकानदाराने खूण शिकली तर त्यांना चहापत्ती मागायला रिकामी पुडी घेऊन जावं लागणार नाही. मी बघितलंय, खिशात घडी करून नेतात. बाकी +१.

घाटचढी
मी माझं मत सोडत नाही. लहान मुलांची तपासणी आधी. पण शांत_किनारा यांचं "काल" आणि "का" रात्री डोक्यातून जाईना. माझ्या मुलीचं मशीन आंघोळीला काढलं की अर्धा तास आमच्यात काहीच भाषा नसते. पाच वर्षांत मला ते कधी सुचलं नाही.

शांत_किनारा
रविवारी मला सुट्टी. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत, भाडं फार नाही. दुपारचं जेवण द्या. मी येतो. निधीची वाट बघू नका.

चाकरमानी_चिंचपोकळी
याला माझा विरोध कधीच नव्हता. लिहून ठेवा.

माडाखाली
तीन रविवार झाले. आमच्या पडवीत. पहिल्या दिवशी चौदा जण, दुसऱ्या दिवशी सहा, काल नऊ. फिरते गुरुजी एकदा येऊन गेले, मुलाचं नाव पटावर चढलं. ठराव अजून नाही, १ मेच्या ग्रामसभेत परत मांडणार.

शांत_किनारांनी प्रत्येकाला खुणेतलं नाव दिलं. मुलाच्या भुवईवर व्रण आहे, त्यावर बोट, हे त्याचं नाव. कळल्यावर तो प्रत्येकाजवळ जाऊन भुवईला बोट लावून घेत होता. बहीण पहिल्या रविवारी मध्ये बसून सगळ्यांना सांगत होती. काल ती आलीच नाही. मागच्या पडवीत माझ्या मुलीबरोबर सागरगोटे खेळत होती. शेवटच्या वाडीतले काका बाहेर सायकलला टेकून तासभर उभे होते, आत आले नाहीत.

भावजी, तुमच्या आईही आल्या होत्या काल. खुणा शिकायला नाही, त्यांच्या मशीनचा सेल संपलाय म्हणून विचारायला. इथल्या मेडिकलमध्ये १३ नंबरचे मिळाले, ते बसत नाहीत.

चाकरमानी_चिंचपोकळी
१३ नाही, निळ्या चिकटपट्टीचे. ६७५ नंबर. परवाच्या कोकणकन्येने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो, दोन पाकिटं. तिला सांगा, चिकटपट्टी काढली की लगेच बसवायचा नाही, थोडा वेळ वारा लागू द्यायचा. मी फोनवर तीनदा सांगितलंय, तिला ऐकू गेलं नाही.