प्रति: गोंगाटात बोलणं कळत नाही, दोष कानाचा?

वर म्हटलंय की गोंगाटात शब्द कळत नसेल तर दोष कानाचाच. मला नाही पटत. बोलताना सेकंदाला साधारण ४ ते ८ अक्षरं येतात आणि मेंदूतल्या थीटा लहरी, म्हणजे मेंदूतल्या विजेची एक संथ लय, त्याही सेकंदाला साधारण तेवढ्याच. ऐकताना या लहरी बोलण्याच्या चढउताराशी ताल जुळवतात. २०१२ मध्ये मेसगरानी आणि चँग या संशोधकांनी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांना एकाच वेळी दोन आवाज ऐकवले. लक्ष ज्याच्याकडे, त्याचाच ठसा नोंदीत ठळक उमटला. दुसरा आवाजही कानात शिरत होताच की! लहरी समज घडवतात की नुसत्या मागोमाग येतात, हा वाद मात्र मिटलेला नाही. तोवर आजीशी मांडवात बोलताना ओरडू नका, समोर या. ओठ दिसले की ताल पकडायला मदत होते.