मदत हवी आहे: बागायतदार मित्रांना हवामानबदल कसा पटवावा?

नमस्कार मंडळी,

दापोलीकडचे माझे शाळासोबती आंबा बागायतदार आहेत. थंडी उशिरा पडल्याने मोहोर लांबला, अवकाळी पावसाने करपा रोग आला, मार्चच्या उन्हात वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा झाडाखाली सडा पडला, हे सगळं तेच मला सांगतात. पण यामागे माणसाने जाळलेला कोळसा आणि तेल आहे असं म्हटलं, की "हिमयुगं काय गाड्यांच्या धुरामुळे संपली?" हा प्रश्न ठरलेला.

त्यावर मी सांगतो की शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी काही अंशांनी तापायला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढ झाली आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिकीकरणाआधी दशलक्ष भागांत २८० भाग होता, तो ४२० च्या वर गेला. मग सूर्यच जास्त तापत असेल, हा मुद्दा येतो. उन्हाची तीव्रता वाढली असती तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. हा मुद्दा ऐकून ते थोडे थांबतात, म्हणून मला तो सगळ्यात जोरकस वाटतो.

पण लगेच गाडी दुसऱ्या रुळावर जाते. "अमेरिकेने धूर सोडायचा आणि आम्ही का भोगायचं?" यात ते बरोबरच आहेत. भारताचं दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे मी मान्य करतो. मात्र दोष कोणाचा आणि तापमान वाढतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बोलता बोलता त्यांची सरमिसळ होते आणि पहिला मुद्दा तसाच राहून जातो. शिवाय एकजण म्हणतो, मोहोर आणण्यासाठी दिल्या जाणाऱ्या संजीवकांच्या अतिवापराने झाडं थकली आहेत. तेही खोटं नाही, आणि एका वर्षाच्या फळगळीवरून काहीच सिद्ध होत नाही.

मला वाद जिंकायचा नाही. त्यांच्यातला एकजण या पावसाळ्यात नवी हापूस कलमं लावणार आहे. ती बाग त्याची मुलं सांभाळतील. कोणती जात लावायची, पाण्याची सोय किती करायची, हे पुढची तीस-चाळीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून ठरवायला हवं.

जाणकारांनी कृपया सांगावं:

कोकणातल्या डिसेंबर-जानेवारीच्या किमान तापमानाच्या जुन्या नोंदी सामान्य माणसाला कुठे पाहता येतील? दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारल्यास मिळतील का? आपल्याच भागाचे आकडे समोर ठेवले तर बोलणं जमिनीवर राहील असं वाटतं.

आणि शेतकरी मित्रांशी किंवा घरच्यांशी असं बोलून ज्यांना खरंच यश आलं, त्यांनी सुरुवात कुठून केली? आधी विज्ञान मांडलंत, की त्यांच्या बागेपासून सुरुवात केलीत?